साक्र : क्युबेकमधल्या चर्चच्या शिव्या

साक्र म्हणजे कॅनडाच्या क्युबेक प्रांतातले फ्रेंच बोलणारे लोक ज्या खास त्यांच्या अशा शिव्या देतात त्या. आपल्याकडे शिवी म्हटली की आधी समोरच्याची आई निघते, इथे मात्र आईला कुणी हात लावत नाही, निघतं ते सगळं चर्चमधलं सामान. ताबारनाक म्हणजे वेदीवरचं कुलूपबंद कपाट, सिब्वार म्हणजे त्या कपाटात ठेवलेला झाकणाचा प्याला, कालिस म्हणजे मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनेच्या वेळी वाइन ठेवतात तो चषक, ओस्ती म्हणजे त्या वेळी दिली जाणारी पातळ भाकर, शिवाय क्रिस म्हणजे खुद्द ख्रिस्त आणि काल्वेर म्हणजे त्याला जिथे क्रुसावर दिलं ती टेकडी. वसईच्या कॅथलिक वाचकांना या सगळ्या वस्तू रविवारच्या ओळखीच्या असतील, बाकीच्यांनी असं समजा की पायाच्या करंगळीला पलंग लागल्यावर कोणी जोरात "देव्हारा! पंचपात्री!" असं ओरडलं आणि शेजारच्या आजीने कान झाकले.

यातली सगळ्यात जड शिवी ताबारनाक. कपाटाच्या मूळ फ्रेंच शब्दापेक्षा तिचा उच्चार वेगळा, शेवटचं व्यंजन खाल्लेलं आणि मधला स्वर बदललेला, त्यामुळे पाद्री मूळ शब्द म्हणाला तर ती शिवी होत नाही आणि ड्रायव्हरने ताबारनाक म्हटलं तर कपाट कोणाच्या डोक्यातही येत नाही. एकाने भागत नसेल तर मध्ये 'द' लावून माळ करतात, ओस्ती द कालिस द ताबारनाक, राग जेवढा मोठा तेवढी माळ लांब. आणि मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती म्हणजे यांची क्रियापदं होतात. कालिसपासून झालेलं कालिसे म्हणजे फेकून देणं किंवा कानाखाली ओढणं, देकालिस म्हणजे चालता हो इथून, आणि 'जे मां कालिस' म्हणजे आपल्या भाषेत मला घंटा फरक पडत नाही. देवाच्या चषकाचं क्रियापद करून लोक दिवसभर वापरतात आणि त्यात देवाचा काही संबंध उरलेला नसतो.

हे असं का झालं ते कळायला क्युबेकमध्ये चर्चचं वजन किती होतं ते बघावं लागतं. 1666 साली फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने देवनिंदेविरुद्ध हुकूम काढला होता, आधी दंड आणि पुन्हा पुन्हा पकडला गेला तर ओठ आणि जीभ कापण्यापर्यंत शिक्षा, आणि क्युबेक तेव्हा फ्रान्सचीच वसाहत होती. पण आज ऐकू येतात त्या साक्र पसरल्या त्या मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. तोवर क्युबेक इंग्रजांच्या ताब्यात गेलं होतं, त्यांच्याविरुद्धचं 1837-38 चं बंड त्यांनी मोडून काढलं आणि त्यानंतर फ्रेंच लोकांच्या रोजच्या आयुष्यावर चर्चची पकड आणखी घट्ट झाली. शाळा चर्चची, दवाखाना चर्चचा, जन्माची नोंद पाद्र्याच्या वहीत, आणि पुढचं मूल कधी असं बाईला विचारणाराही तोच पाद्री. जंगलात लाकूडतोडीच्या छावण्यांवर महिनोन्‌महिने राहणारे पुरुष साक्रसाठी विशेष प्रसिद्ध होते. सरकार दूर, मालक इंग्रज, आणि ज्याच्यासमोर रोज मान खाली घालायची तो पाद्री, मग तोंडातून काय निघणार! माझ्या मते साक्र ही देवावरची चीड कधीच नव्हती, ती देवाच्या नावाने घरात घुसणाऱ्यांवरची होती. घरातल्या बायका आणि पाद्री दोघेही यावर नाराज असत, चर्चच्या संघटनांनी शिव्यांविरुद्ध मोहिमाही चालवल्या.

मग 1959 मध्ये क्युबेकचे, चर्चला धरून चालणारे मुख्यमंत्री मोरिस द्युप्लेसी वारले, 1960 मध्ये जाँ लसाज यांचा लिबरल पक्ष निवडून आला आणि जिला तिथे शांत क्रांती म्हणतात ती सुरू झाली. दवाखान्यांचा खर्च सरकारी विम्यात आला, 1964 मध्ये शिक्षण खातं निघालं, पाद्री आणि नन शाळांमधून बाहेर पडले आणि एका पिढीत रविवारचे बाक रिकामे झाले. आता कित्येक चर्च विकली गेलीत, क्युबेक सिटीत एका जुन्या चर्चमध्ये सर्कस शिकवणारी शाळा चालते. 2021 च्या जनगणनेत प्रांतातल्या चारातल्या एकाहून जास्त लोकांनी धर्म नाही असं लिहिलं. 1936 पासून विधानसभेत टांगलेला क्रूस 2019 मध्ये उतरवला गेला, देवनिंदेचं कलम कॅनडाच्या फौजदारी कायद्यातून 2018 मध्ये गेलं.

शिव्या मात्र गेल्या नाहीत. फ्रान्समध्ये देवाचं नाव टाळून बनवलेले साक्रब्ल्यू, मोरब्ल्यू असे शब्द कधीच म्हातारे झाले, आता ते जुन्या नाटकात शोभतात. उलट इटलीत देवनिंदा अजून झोंबते, तिथल्या फुटबॉलमध्ये मैदानावर तसं बोलल्याबद्दल खेळाडूला एका मॅचची बंदी होऊ शकते. क्युबेक या दोघांच्या मधे आहे आणि म्हणून अभ्यासकांना ते इतकं आवडतं: अर्थ गेलाय, धार बऱ्यापैकी शिल्लक आहे. 2006 मध्ये माँट्रियलच्या कॅथलिक धर्मप्रांताने शहरात मोठे फलक लावले, वर ठळक अक्षरात शिवीचा शब्द आणि खाली त्याचा डिक्शनरीतला अर्थ. म्हणजे ज्या शब्दांसाठी एकेकाळी पापाची कबुली द्यावी लागायची तेच शब्द घेऊन चर्च लोकांना सांगत होतं की बाबांनो, ही आमच्या वेदीवरची वस्तू आहे. मला ते फलक फार प्रामाणिक वाटतात, कारण सिब्वार कसा दिसतो हे माहीत नसलेली पिढी तोवर मोठी झाली होती.

मुलांसमोर किंवा ऑफिसात चालतील असे पातळ केलेले शब्दही भरपूर आहेत: ताबारनूश, ताबारुएत, कालिसऐवजी कालिन, सिब्वारऐवजी सिबोल. आपल्याकडे 'तुझ्या आयला'चं 'च्यायला' आणि 'आईच्या गावात' झालं तशीच ही सोय. मेक्सिकोतल्या बीचवर क्युबेकचे टुरिस्ट इतके ओरडत असतात की तिथले लोक त्यांना ताबारनाकोस म्हणतात. हे नाव क्युबेकवाले बऱ्यापैकी मिरवतात कारण इंग्रजीच्या समुद्रात आपली शिवी ही आपली ओळख आहे असं त्यांना मनापासून वाटतं, आणि पॅरिसचा फ्रेंच माणूस ताबारनाक म्हणायला गेला की तो लगेच पकडला जातो.

माँट्रियलमधल्या हैती, लेबनॉन, अल्जीरिया, भारत अशा ठिकाणांहून आलेल्या घरांतली मुलं शाळेच्या मैदानावर हेच शब्द शिकतात, आईवडील मुसलमान असोत की हिंदू. त्याच मुलांच्या बोलण्यात आता अरबी 'वल्ला' म्हणजे अल्लाशप्पथ हाही शब्द घुसलाय, अरबीचा गंध नसलेली गोरी मुलंही तो वापरतात, आणि एकाच वाक्यात वल्ला आणि ताबारनाक दोन्ही येतात.