चेर्नोबिलचे निषिद्ध क्षेत्र

युक्रेनच्या उत्तर टोकाला, बेलारूसच्या सीमेलगत, १९८६ च्या अणुभट्टी अपघातानंतर रिकामा केलेला प्रदेश. सीमेपलीकडचा बेलारूसमधला भागही याच ओघात येतो. माणूस उठून गेला तर झाडाझुडपांचे आणि जनावरांचे काय होते, हे इथे चार दशके जवळून पाहता आले आहे. चेर्नोबिल गावाचे मूळ युक्रेनी नाव चोर्नोबिल. ते एका रानटी झुडपाचे नाव आहे आणि आपला दवणा त्याच प्रजातीतला (आर्टेमिसिया).

२६ एप्रिल १९८६ च्या रात्री १ वाजून २३ मिनिटांनी चौथ्या क्रमांकाच्या अणुभट्टीत स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी जवळच्या प्रिप्यात शहरातले सुमारे ४९ हजार लोक बसमधून हलवण्यात आले. तीनेक दिवसांचाच प्रश्न आहे, असे त्यांना सांगितले होते. पुढे ३० किमी त्रिज्येतली गावे उठली आणि त्या वर्षी एकूण सुमारे १ लाख १६ हजार माणसे बाहेर पडली. युक्रेनकडचे क्षेत्र आज सुमारे २,६०० चौ. किमी. भरते. बेलारूसने आपल्या बाजूला १९८८ मध्ये वेगळे राखीव क्षेत्र केले.

पहिला घाव पाइनच्या झाडांवर पडला. भट्टीच्या पश्चिमेचे पाइनचे रान काही आठवड्यांत तांबूस होऊन मेले. ‘लाल जंगल’ हे नाव तेव्हाचे. पाइनच्या सुया वर्षानुवर्षे गळत नाहीत, त्यामुळे किरणोत्सारी धूळ त्यांवर साचून राहिली. शिवाय सूचिपर्णी झाडांची गुणसूत्रे मोठी असतात आणि किरणांचा मार त्यांना जास्त लागतो. त्याच जागी पानझडी बर्चची कित्येक झाडे तगली. मेलेले रान बुलडोझरने आडवे करून खंदकांत पुरले गेले. त्या जमिनीवर पुढे बर्च उगवला.

शेतांची गोष्ट वेगळी. त्या वर्षी कित्येक शेतांतले पीक कापलेच गेले नाही. उभ्या दाण्यावर उंदीर माजले, त्यांच्यामागे कोल्हे आणि शिकारी पक्षी आले. मग तण, मग झुडपे, मग बर्च आणि पाइनची रोपे, असा पडीक जमिनीचा नेहमीचा क्रम सुरू झाला. सोव्हिएत काळात या दलदलीच्या मुलखात पाणी काढून देणारे चर खणून शेती वाढवली होती. त्या चरांवर आता बीव्हर (झाडे कुरतडून पाण्यात बांध रचणारे मोठे कृंतक) बांध घालू लागले. पाणी तुंबले, पाणथळ परतली आणि तिच्यामागोमाग मोठा ठिपकेदार गरुडही. बेलारूसच्या बाजूला या दुर्मीळ पक्ष्याच्या किमान १३ जोड्यांची नोंद झाली. (ही जात हिवाळ्यात आपल्याकडच्या पाणथळींवरही येते.) प्रिप्यातमध्ये स्टेडियमच्या मैदानावर आज गर्द झाडी आहे आणि इमारतींच्या गच्च्यांवर, जिन्यांच्या फटींत बर्चची रोपे रुजली आहेत. गावांतल्या सफरचंदाच्या बागा राखायला कोणी नाही. पडलेल्या फळांवर रानडुकरे ताव मारतात.

मोठ्या सस्तन प्राण्यांबद्दलचा भक्कम पुरावा २०१५ चा आहे. बेलारूसच्या राखीव क्षेत्रात एल्क, रो हरीण, लाल हरीण आणि रानडुक्कर यांची संख्या आसपासच्या स्वच्छ अभयारण्यांइतकीच भरली. लांडगे तर सातपटीहून अधिक निघाले. स्वयंचलित कॅमेऱ्यांत तपकिरी अस्वलही दिसले. याचा अर्थ किरणोत्सार निरुपद्रवी आहे, असा मुळीच नाही. बंदूक, नांगर आणि रहदारी यांचा या जनावरांना होणारा जाच किरणांपेक्षा मोठा होता, एवढाच त्याचा अर्थ. कळपाची संख्या टिकली म्हणजे त्यातले प्रत्येक जनावर धडधाकट आहे, असेही नव्हे.

इथेच वाद आहे. अँडर्स म्योलर आणि टिमोथी मुसो या शास्त्रज्ञांनी जास्त दूषित जागी पक्षी आणि कीटक कमी असल्याचे, माळभिंगऱ्यांच्या (बार्न स्वॅलो) पिसांत पांढरे डाग आढळल्याचे, पालापाचोळा सावकाश कुजत असल्याचे मांडले. त्यांच्या मोजमापाच्या पद्धतीवर इतरांनी आक्षेप घेतले. दोन्ही बाजू बऱ्याचदा वेगवेगळ्या गोष्टी मोजत होत्या, असे म्हणायला जागा आहे: एक बाजू कळप मोजते, दुसरी शरीर. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इथले वृक्षबेडूक क्षेत्राबाहेरच्या बेडकांहून काळपट आढळले. त्वचेतले मेलानिन हे काळे रंगद्रव्य किरणांपासून थोडे संरक्षण देत असावे आणि अपघातानंतर काळे बेडूक जास्त वाचले असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

रान वाढले म्हणजे सगळ्यांचेच भले झाले, असे नाही. घरचिमणी माणसाच्या अंगणातल्या दाण्यावर आणि वळचणीवर जगते. माणसे गेली तशी तीही विरळ झाली. छपरांवर आणि खांबांवर घरटी करून कापलेल्या कुरणात बेडूक-टोळ टिपणारा पांढरा करकोचाही कमी झाला. उलट मंगोलियात १९६०च्या दशकात रानातून नष्ट झालेला आणि प्राणिसंग्रहालयांतच उरलेला प्रझेवाल्स्की घोडा इथे पाहुणा म्हणून आला. १९९८-९९ मध्ये तीसेक घोडे सोडले होते, आज ते शंभराच्या वर आहेत. ओसाड गोठे-कोठारांत ते आसऱ्याला उभे राहतात, हे कॅमेऱ्यांनी टिपले आहे.

‘निर्मनुष्य’ हा शब्द इथे पूर्णपणे लागू पडत नाही. केंद्रातली शेवटची चालू भट्टी डिसेंबर २००० मध्ये बंद झाली. तिच्या देखभालीसाठी कामगार आजही पाळीने येतात. हुकूम मोडून परतलेले काही गावकरी, बहुतेक म्हाताऱ्या बाया, आपल्या परसात बटाटे लावत राहिले. एप्रिल २०२० मध्ये मोठे वणवे लागले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियन सैन्य याच वाटेने युक्रेनमध्ये शिरले आणि महिनाभराने माघारी गेले; मागे सुरुंग राहिले. अपघातातून पसरलेल्या सीझियम-१३७ या किरणोत्सारी द्रव्याचे अर्धायुष्य (निम्मे विरायला लागणारा काळ) सुमारे ३० वर्षे आहे, म्हणजे मूळच्या साठ्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग आजवर विरला आहे. प्लुटोनियम-२३९ ला निम्मे व्हायला २४ हजार वर्षे लागतात.

प्रिप्यातच्या लोकांना पाळीव जनावरे बरोबर नेऊ दिली नव्हती. मागे राहिलेल्या कुत्र्यांना पथके पाठवून गोळ्या घालण्यात आल्या. जी निसटली त्यांची पिल्लावळ आजही आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३०२ कुत्र्यांच्या जनुकीय अभ्यासात अणुवीज केंद्राच्या आवारातली कुत्री आणि चेर्नोबिल गावातली कुत्री वेगळी ओळखू आली. लांडग्यांच्या रानात ती टिकत नाहीत. फाटकाशी, तपासणी नाक्याशी बसून ती कामगारांची पाळी बदलण्याची वाट पाहतात आणि डब्यातले उरलेसुरले मिळेल त्यावर राहतात.