मिसरीची डबी

माझ्या आत्याला कुणी व्यसनी म्हटलं असतं, तर सगळी आळी त्या माणसावर तुटून पडली असती. व्यसनी म्हणजे चुलत्याच्या घरासमोर रात्री बरळत येणारा तो दारूडा. आत्या पहाटे उठून सडा घालणारी, एकादशी न चुकवणारी बाई. ती फक्त मिसरी लावायची.

मिसरी म्हणजे कोकण-मुंबईकडची मशेरी. महिन्यातून एकदा परसात चूल पेटायची. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरडायची आणि डबीत भरायची. त्या दिवशी आम्ही पोरं ठसकत, डोळे चोळत घराबाहेर पळायचो. सकाळी डाव्या तळव्यावर चिमूटभर काळी पूड, उजव्या हाताचं बोट आणि पायरीवर निवांत अर्धा तास. हे दंतमंजन आहे असंच घरात सगळे मानत. पुढे दुपारच्या जेवणानंतरही ती लावू लागली, मग चहानंतर, मग रात्री निजताना. दात दिवसातून चार वेळा घासावे लागत नाहीत, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

एका वर्षी आम्ही एसटीने पंढरपूरला निघालो आणि डबी घरी राहिली. फलटण येईपर्यंत आत्याने दोनदा सुनेवर डाफरून घेतलं होतं. मी विचारलं, "आत्या, काय होतंय?" तर म्हणाली, "काय नाय गं, सकाळपासनं मिसरी लागली नाय. डोकं ठणकतंय नुसतं." माळशिरसला गाडी थांबली तशी ती एकटी खाली उतरली, टपरीवरून तंबाखूची पुडी घेतली आणि न भाजताच हिरड्यांना चोळली. दहा मिनिटांत चेहरा निवळला. "उतरलं बघ डोकं," म्हणाली. गाडीतल्या सगळ्यांना वाटलं, तंबाखू खरंच औषधी आहे.

मिसरी कशी धरून ठेवते, ते सगळं त्या दहा मिनिटांत दिसतं.

तंबाखूतलं निकोटीन हिरड्यांच्या आणि गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून रक्तात उतरतं आणि मेंदूत पोचतं. मेंदूच्या पेशींवर ॲसिटिलकोलीन नावाच्या आपल्याच एका रसायनासाठी कुलपं असतात. निकोटीन ही त्या कुलपांना चालणारी बनावट किल्ली. ती फिरली की डोपामीन स्रवतं. 'हे चांगलं झालं, पुन्हा कर' अशी खूणगाठ मेंदू बांधतो ती डोपामीनमुळे. रोजच्या माऱ्यात ही कुलपं बधिर होतात, मग मेंदू त्यांची संख्या वाढवतो. म्हणजे पूर्वीइतकंच बरं वाटायला आता जास्त मिसरी लागते आणि ती मिळाली नाही की वाढलेली कुलपं रिकामी राहून ठणाणा करतात.

निकोटीनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्मं होतं. रात्री दहाला लावलेल्या मिसरीतलं निकोटीन सकाळी सहाला सोळाव्या हिश्शावर आलेलं असतं. म्हणून पहाटेची तलफ सगळ्यात जबर. उठल्यापासून किती वेळात पहिली तंबाखू लागते, हा प्रश्न तज्ज्ञ विचारतात तो यासाठीच. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर पकड घट्ट आहे.

"मिसरीशिवाय पोट साफ होत नाही" हे वाक्यही मी शेकडो वेळा ऐकलंय. ते खोटं नाही. निकोटीन आतड्यांना चालना देतं आणि ते बंद झालं की काही दिवस बद्धकोष्ठ होतो. डोकेदुखी, चिडचिड, लक्ष न लागणं, झोप बिघडणं हेही तसंच. मिसरी हा त्रास घालवते हे खरं, पण त्रास मुळात उभा केला तिनेच. आजार आणि औषध एकाच डबीत असल्यावर बाईने वेगळं काय समजावं? मला तिचा दोष वाटत नाही.

व्यसन ओळखताना आपण हमखास प्रमाणाकडे बघतो: किती पितो, किती खाते. मानसोपचारतज्ज्ञ वेगळे प्रश्न विचारतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 सालच्या डीएसएम-5 या नियमावलीत 11 लक्षणं दिली आहेत. वर्षभरात त्यांतली किमान दोन दिसली तर विकार आहे असं धरतात. दोन-तीन म्हणजे सौम्य, चार-पाच म्हणजे मध्यम, सहा किंवा जास्त म्हणजे तीव्र. निदान तज्ज्ञच करणार, पण मी एकदा आत्याची मोजणी करून पाहिली. ठरवलं त्यापेक्षा जास्त वेळा लावायची. कमी करायचा प्रयत्न फसला होता. तलफ यायची. पूर्वीची चिमूट पुरत नव्हती. नाही मिळाली की अंग आणि डोकं दुखायचं. हिरड्या सुजून रक्त येत असतानाही ती थांबली नव्हती. सहा झाली. दारूड्याच्या नावाने बोटं मोडणाऱ्या आमच्या आळीत, पायरीवर बसलेल्या त्या सोज्वळ बाईचा विकार तीव्र होता.

अर्थात, शरीराला सवय होणं म्हणजे दरवेळी व्यसन नव्हे. कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांनी दिलेल्या मॉर्फिनचा डोस हळूहळू वाढवावा लागतो. देखरेखीखाली घेतलेल्या अशा औषधाच्या बाबतीत केवळ तेवढ्यावरून कुणी व्यसनी ठरत नाही. त्या भीतीने रुग्णाला वेदनेत ठेवणं फार वाईट.

आपली भाषा व्यसनाची ही पकड आधीच ओळखते असं मला वाटतं. सुरुवातीला आपण म्हणतो, "मी मिसरी लावते." काही वर्षांनी तीच बाई म्हणते, "मला मिसरी लागते." कर्ता बदललेला असतो.

2016-17 च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या प्रौढ स्त्रियांपैकी 2 टक्के स्त्रिया विडी-सिगारेट ओढणाऱ्या निघाल्या, तर धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या 12.8 टक्के. म्हणजे आठातली एक. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने 1992 मध्येच बंदी केली, पण परसातल्या तव्याला कायदा कुठून पोचणार?

किंमत केवळ हिरड्या मोजत नाहीत. मुंबईत घरोघरी फिरून 1,217 गरोदर बायकांची पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. त्यातल्या बहुतेक जणी मिसरी लावणाऱ्याच होत्या. तोंडाच्या कर्करोगाचं तर सगळ्यांना ठाऊक आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तर दुखत नसलं तरी दाखवून घ्यावं.

सोडताना काय होतं हे आधी माहीत असलं तर निम्मी भीती जाते. त्रास पहिल्याच दिवशी सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराच ओसरतो. यात जिवाला धोका नसतो. दारूचं तसं नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवली तर आकडी येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. तिथे डॉक्टर हवेतच. तंबाखूसाठी 1800-11-2356 हा मोफत क्रमांक आहे, तो पुडीवरच छापलेला असतो.

आत्याने सोडली ती सून गरोदर राहिल्यावर, कारण सुनेनेही त्याच डबीत बोट घालायला सुरुवात केली होती. पहिल्या खेपेस आत्या पाच दिवस टिकली. दुसऱ्या खेपेस तीन महिने, मग माहेरच्या लग्नात भावजयीने डबी पुढे केली. घसरण्याची ही तऱ्हा ठरलेलीच असते. तीच माणसं, तीच पायरी, तोच वास दिसला-आला की मेंदूतली जुनी खूणगाठ जागी होते. घरातल्यांनी तेव्हा टोमणे मारले, मीही मारले. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तिसऱ्या खेपेला मात्र कुणी काही बोललं नाही. त्याला या दिवाळीत दोन वर्षं होतील. डबीत ती आता लवंगा ठेवते. झाकण उघडलं की आधी तंबाखूचाच वास येतो.