संसदीय प्रश्न : फौजदारी न्याय आणि स्त्री-पुरुष समानता

पोलीस तपास, न्यायालये, तुरुंग, फौजदारी कायदे आणि स्त्रियांची सुरक्षितता व समान हक्क या विषयांवर सदस्य सभागृहात मंत्र्यांकडून माहिती मागतात. त्या प्रश्नांची ही नोंद आहे. ती मुख्यतः भारताच्या संसदेतील प्रथेविषयी असून महाराष्ट्र विधिमंडळाची पद्धत जिथे वेगळी आहे तिथे तसे सांगितले आहे. या विषयांवर चर्चा, स्थगन प्रस्ताव, लक्षवेधी अशी इतर आयुधेही वापरली जातात. पण मंत्र्याला लेखी आकडा देणे भाग पाडणारे आयुध प्रश्न हेच आहे.

प्रश्नांचे प्रकार

तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी असते, ते पटलावर ठेवले जाते म्हणजे सभागृहात अधिकृतपणे सादर होते आणि त्यावर पुरवणी प्रश्न नसतात. तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीसाठी अल्पसूचना प्रश्न असतो, मात्र तो मंत्र्याच्या संमतीशिवाय येत नाही आणि क्वचितच दिसतो. छापील याद्यांच्या काळात तारांकित प्रश्न हिरव्या कागदावर, अतारांकित पांढऱ्या आणि अल्पसूचना फिकट गुलाबी कागदावर असत.

लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास सकाळी ११ वाजता सुरू होतो. राज्यसभेत तो २०१४च्या हिवाळी अधिवेशनापासून दुपारी १२ वाजता होतो. लोकसभेच्या दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, राज्यसभेत १५ आणि १६०. २० तारांकितांपैकी तासाभरात प्रत्यक्ष पाच-सहाच पुकारले जातात. उरलेल्यांची उत्तरे लेखी गणली जातात. गोंधळात तास वाहून गेला, तर सगळ्यांचीच. त्यामुळे या विषयाच्या अभ्यासकासाठी अतारांकित प्रश्न अधिक भरवशाचा. त्यात वक्तृत्व नसते, पण राज्यवार तक्ता मिळतो.

कोणत्या मंत्र्याला विचारायचे

सर्वांत जास्त प्रश्न इथे चुकतात. पोलीस, तुरुंग, फौजदारी कायदे आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग म्हणजे एनसीआरबी हे गृह मंत्रालयाकडे. न्यायालये, न्यायाधीशांच्या नेमणुका आणि जलदगती विशेष न्यायालये विधी व न्याय मंत्रालयाच्या न्याय विभागाकडे. २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, २०१३चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा, हुंडाबंदी कायदा, वन स्टॉप सेंटर आणि १८१ ही महिला हेल्पलाइन हे सारे महिला व बालविकास मंत्रालयाकडे. स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठीच्या निर्भया निधीचे नोडल (समन्वय करणारे) मंत्रालयही तेच, पण त्यातून पैसा घेणाऱ्या योजना गृह, रेल्वे, न्याय विभाग अशा अनेकांच्या आहेत. ‘निर्भया निधीतून पोलीस ठाण्यांतील महिला मदत कक्षांवर किती खर्च झाला’ हा प्रश्न महिला व बालविकासकडे गेला, तर मिळणारे उत्तर त्रोटक असते, कारण तो खर्च गृह मंत्रालय राज्यांमार्फत करते. प्रश्न दुसऱ्या मंत्रालयाचा आहे असे ठरले, तर तो हस्तांतरित होतो आणि बरेचदा त्या दिवसाच्या यादीतून गळतो.

मंत्रालये पाच गटांत विभागलेली असतात आणि आठवड्याच्या प्रत्येक दिवशी एका गटाची पाळी येते. अलीकडच्या अनेक अधिवेशनांत लोकसभेत गृह मंत्रालयाचा दिवस मंगळवार, तर विधी व न्याय आणि महिला व बालविकास या दोघांचा शुक्रवार राहिला आहे. एका सदस्याचा दिवसाला एकच तारांकित प्रश्न यादीत येऊ शकतो. साहजिकच, न्यायालयांतील दिरंगाई आणि स्त्रियांसाठीच्या योजना या दोन्हींवर एकाच दिवशी तोंडी उत्तर मागणे त्याला जमत नाही. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये ‘स्त्रिया आणि समानता’ या विषयाला बुधवारी पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांच्या आधीची स्वतंत्र वेळ आहे. भारतात समानता हा विषय मंत्रालयांत विखुरलेला आहे आणि त्याला एकत्र उत्तर देणारा कोणी नाही.

सूचनेपासून उत्तरापर्यंत

लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. एका दिवसासाठी सदस्य तारांकित आणि अतारांकित मिळून पाच सूचना देऊ शकतो. प्राधान्य सोडतीने ठरते. सचिवालय प्रश्न नियमांवर तपासते, भाषा छाटते, सारख्या प्रश्नांची सांगड घालते आणि मग तो मंत्रालयाकडे जातो. तिथे संसद कक्ष तो संबंधित शाखेला देतो, शाखा राज्यांकडून किंवा एनसीआरबीकडून आकडे मागवते, सहसचिव मसुदा तपासतो. तारांकित प्रश्न असेल तर मंत्र्यासाठी संभाव्य पुरवणी प्रश्नांची जाडजूड टिपणी तयार होते. उत्तर आदल्या कामकाजाच्या दिवशी सचिवालयात पोहोचते, मात्र पटलावर ठेवेपर्यंत ते गोपनीय असते.

प्रश्न ग्राह्य ठरण्याच्या अटी लोकसभेच्या नियम ४१ मध्ये आहेत. शब्दमर्यादा १५० आहे. युक्तिवाद, टोमणा, विशेषणे, बदनामीकारक विधान चालत नाही. मत विचारता येत नाही, कल्पित परिस्थितीवर उत्तर मागता येत नाही, आणि सहज उपलब्ध दस्तऐवजांत असलेली माहितीही मागता येत नाही. न्यायप्रविष्ट, म्हणजे न्यायालयासमोर प्रलंबित असलेली बाब वर्ज्य. व्यक्तीच्या खासगी वर्तनाविषयी विचारायचे नाही. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेचे नाव तर प्रश्नात येताच कामा नये. भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार तिची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, आणि संसदीय विशेषाधिकाराची ढाल असली तरी छापील यादीत ते नाव कायमचे राहते.

उत्तर कुठे निसटते

गृह मंत्रालयाच्या उत्तरांचा पहिला परिच्छेद जवळजवळ ठरलेला असतो : संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यांचे विषय आहेत. हे खरेच आहे. राज्यसूचीत पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या नोंदीत अनुक्रमे सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि तुरुंग आहेत. पण फौजदारी कायदा आणि फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहेत, न्यायदानाची व्यवस्थाही तिथेच (नोंद ११-क). म्हणून दिल्लीत विचारायचा प्रश्न केंद्राच्या हातातल्या गोष्टींवर बेतावा लागतो : केंद्राने दिलेला निधी, पाठवलेल्या मार्गदर्शक सूचना आणि त्यांचा पाठपुरावा, केंद्रीय कायद्यातील मुदती, केंद्रशासित प्रदेशांचे पोलीस दल. महिलांचे पोलीस दलातील प्रमाण ३३ टक्के करावे, अशा सूचना केंद्र राज्यांना पाठवत आले आहे. त्या बंधनकारक नाहीत, त्यामुळे ‘सूचना दिल्या का’ या प्रश्नाला ‘होय’ एवढेच उत्तर येते. केंद्रशासित प्रदेशांत मात्र ३३ टक्के आरक्षणाचा निर्णय २०१५ मध्ये केंद्रानेच घेतला, तिथे प्रत्यक्ष भरती किती झाली हे मंत्र्याला सांगावेच लागते.

दुसरी पळवाट म्हणजे ‘ही माहिती केंद्रीय स्तरावर ठेवली जात नाही’. एनसीआरबी ज्या शीर्षकांखाली आकडे गोळा करते त्यापलीकडचे काही विचारले की हे वाक्य येते. शिवाय ‘क्राइम इन इंडिया’ हा एनसीआरबीचा वार्षिक अहवाल उशिरा निघतो. २०२५च्या पावसाळी अधिवेशनातही उत्तरांत २०२२चेच आकडे होते. त्या वर्षी देशात स्त्रियांविरुद्धचे ४,४५,२५६ गुन्हे नोंदले गेले. हा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. एका एफआयआरमध्ये अनेक कलमे असली तर एनसीआरबी तो गुन्हा सर्वांत गंभीर कलमाखाली एकदाच मोजते. त्यामुळे कमी शिक्षेची कलमे, उदाहरणार्थ पाठलाग, आकडेवारीत दबून जातात. आणि नोंद वाढली म्हणजे गुन्हे वाढले, असे नाही. तक्रार लिहून घेण्याची टाळाटाळ कमी झाली तरीही आकडा वाढतो. या दोहोंतला फरक विचारल्याखेरीज उत्तरात येत नाही.

दोषसिद्धीचे प्रमाण हा तर हमखास फसवा आकडा. तो निकाली निघालेल्या खटल्यांवर काढतात, दाखल झालेल्यांवर नव्हे. प्रलंबित खटल्यांचा डोंगर त्यात दिसतच नाही. म्हणून जाणकार सदस्य पाच आकडे एकत्र मागतात : वर्षात नोंदलेले गुन्हे, दाखल आरोपपत्रे, पूर्ण झालेले खटले, दोषसिद्धी, आणि वर्षअखेरीस न्यायालयात शिल्लक प्रकरणे.

वैवाहिक बलात्काराचा विषय दीर्घकाळ न्यायप्रविष्टतेच्या आड राहिला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधील दुसरा अपवाद १८ वर्षांखालील नसलेल्या पत्नीशी पतीने केलेल्या संबंधाला बलात्काराच्या व्याख्येबाहेर ठेवतो, आणि त्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात आहेत. ‘हा अपवाद घटनाबाह्य आहे काय’ असे विचारले तर प्रश्न अडतो. ‘सरकारने कोणकोणत्या राज्यांचे व आयोगांचे अभिप्राय मागवले’ असे विचारले तर तो टिकण्याची शक्यता बरीच जास्त.

एक प्रश्न जवळून

‘जलदगती न्यायालयांबाबत सरकार काय पावले उचलत आहे’ या प्रश्नाला दोन पाने उत्तर येते आणि हाती काही लागत नाही. योजनेचे तपशील पाहिले तर काय विचारायचे ते कळते. ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या या केंद्र पुरस्कृत योजनेत १,०२३ विशेष न्यायालये मंजूर झाली, त्यांतील ३८९ फक्त पॉक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांविरोधी कायद्याच्या प्रकरणांसाठी. २०२३ ते २०२६ या टप्प्यासाठी तरतूद १,९५२.२३ कोटी रुपयांची, केंद्राचा वाटा निर्भया निधीतून. दर न्यायालयाला एक न्यायिक अधिकारी आणि सात कर्मचारी, आणि वर्षाला किमान १६५ निकालांची अपेक्षा. प्रत्यक्षात चालू असलेली न्यायालये ७५०च्या आसपास. मग प्रश्न असा बेतायचा :

(क) मंजूर आणि ठरावीक तारखेस चालू असलेल्या न्यायालयांची राज्यवार संख्या. (ख) ज्यांत न्यायिक अधिकाऱ्याचे पद सहा महिन्यांहून अधिक रिक्त आहे अशी न्यायालये. (ग) गेल्या तीन वर्षांत प्रत्येक न्यायालयामागे सरासरी निकाल, १६५च्या तुलनेत. (घ) केंद्राने दिलेली, राज्याने खर्च केलेली आणि विनियोग प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) आलेली रक्कम.

‘मंजूर’ आणि ‘चालू’, ‘दिलेली’ आणि ‘खर्च झालेली’ ही फोड प्रश्नातच नसेल तर उत्तरात मोठा आकडाच येतो. तपासाबाबतही हेच. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यातील, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार लैंगिक गुन्ह्यांचा तपास दोन महिन्यांत संपवायचा असतो, आणि त्याचा माग ठेवणारी आयटीएसएसओ ही ऑनलाइन प्रणाली २०१९ पासून गृह मंत्रालयाकडे आहे. त्यामुळे ‘माहिती ठेवली जात नाही’ हे उत्तर इथे चालू शकत नाही.

पैशाच्या प्रश्नांत लिंगाधारित अर्थसंकल्पाचे विवरण उपयोगी पडते. २००५-०६ पासून ते केंद्रीय अर्थसंकल्पासोबत येते. भाग ‘अ’ मध्ये पूर्णतः स्त्रियांसाठीच्या योजना आणि भाग ‘ब’ मध्ये ३० ते ९९ टक्के तरतूद असलेल्या. ३० टक्क्यांखालील योजनांसाठी २०२४-२५ पासून भाग ‘क’ जोडला आहे. एखादी योजना एका भागातून दुसऱ्यात का गेली, हा प्रश्न मंत्रालयांना अडचणीचा वाटतो.

महाराष्ट्र विधिमंडळात

पोलीस ठाणे, तुरुंग, प्रयोगशाळा यांच्या पातळीवरची माहिती इथेच मिळते, कारण उत्तरदायी गृहमंत्री राज्याचा असतो. प्रश्नाचा साचाही वेगळा : ‘सन्माननीय गृहमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात, मग ‘(१) … हे खरे आहे काय, (२) असल्यास, … (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?’ उत्तरही याच ठशाचे. ‘हे खरे आहे’, ‘अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’ आणि शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’. या साच्यात एक सापळा आहे. पहिल्या भागातली तारीख, ठिकाण किंवा संख्या थोडी जरी चुकली, तरी ‘हे खरे नाही’ म्हणून पुढचे सगळे भाग एका ओळीत संपवता येतात. त्यावर उपाय म्हणून पहिल्या भागात वृत्तपत्रातील आकडा न घालता ‘किती नमुने न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांत प्रलंबित आहेत’ असा थेट, ‘खरे-खोटे’ न विचारणारा भाग ठेवतात. ‘अंशतः खरे आहे’ आले की उपप्रश्न त्या ‘अंशतः’वरच विचारायचा असतो.

स्त्रिया व बालकांवरील अत्याचारांसाठी कडक शिक्षांचे शक्ती विधेयक विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी डिसेंबर २०२१ मध्ये संमत केले. ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेले, तेव्हा जबाबदारी कशी टोलवली जाते ते दिसले. मुंबईत विचारले तर विषय केंद्राकडे, दिल्लीत विचारले तर मंत्रालयांशी विचारविनिमय सुरू. अशा वेळी दोन्हीकडे पत्रव्यवहाराच्या तारखा मागणे एवढेच हाती राहते. तारखा जुळल्या नाहीत की थांबलेली जागा कळते.

उत्तरानंतर

‘माहिती गोळा करण्यात येत असून पटलावर ठेवण्यात येईल’ हे वाक्य टोलवाटोलवीचे वाटते, पण नियमांच्या दृष्टीने ते आश्वासन असते आणि तीन महिन्यांत पुरे करावे लागते. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून आणि राज्यसभेची १९७२ पासून हा पाठपुरावा करते. मुदतवाढ मागता येते, आश्वासन वगळण्याची विनंतीही करता येते. हे ओळखून अनुभवी अधिकारी मसुद्यात ‘ही निरंतर प्रक्रिया आहे’ असे लिहितात, कारण त्यातून आश्वासन निघत नाही.

उत्तर अपुरे असेल तर नियम ५५ खाली अर्ध्या तासाच्या चर्चेची सूचना तीन दिवस आधी देता येते. उत्तरात चूक असल्याचे आढळले, तर अध्यक्षांच्या निदेश ११५ नुसार सदस्य अध्यक्षांना लेखी कळवतो आणि अध्यक्षांच्या परवानगीने मंत्री त्यावर निवेदन करू शकतो. स्त्री-पुरुष समानतेवर सलग काम करायचे तर १९९७ मध्ये स्थापन झालेली ३० सदस्यांची महिला सक्षमीकरण समिती आहे. ती सचिवांना बोलावून साक्ष घेते, दस्तऐवज मागवते, आणि तिच्यापुढे ‘राज्याचा विषय’ म्हणून पाच मिनिटांत सुटका होत नाही. अनेक सदस्य समितीत मिळालेला धागा पुढच्या अधिवेशनात अतारांकित प्रश्न म्हणून घालतात. त्यासाठी मागील तीन अधिवेशनांतील त्याच विषयाची उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावरून आधी काढून ठेवावी लागतात. आधीच उत्तर दिलेला प्रश्न पुन्हा विचारला तर तो नियम ४१ खाली बाद होतो, आणि मागच्या उत्तरातील तारीख किंवा आकडा धरून पुढचे विचारले तर तो सहसा ग्राह्य होतो.