इसीजीच्या बारा लीड: हिशेबाने काढलेल्या आणि अंदाजाने भरलेल्या

गुहागर-राजापूरकडच्या आडगावात काढलेला इसीजी आता मोबाइलवरून रत्नागिरीच्या, नाहीतर घाटापलीकडे कोल्हापूरच्या डॉक्टरांना लगेच दाखवता येतो. म्हणूनच कमी तारांची सुटसुटीत यंत्रं आपल्याकडे हवीतच. मात्र त्यांच्या कागदावरच्या सगळ्या लीड (हृदयाची वीज एकेका ठरावीक दिशेने दाखवणाऱ्या नोंदी) मोजलेल्या नसतात, आणि न मोजलेल्या लीडही दोन जातींच्या असतात.

पहिली जात शुद्ध हिशेबाची. नेहमीच्या यंत्रात हातापायांना चार चिमटे आणि छातीवर सहा फुगे लागतात; त्यांतून हातापायांच्या सहा आणि छातीच्या सहा (व्ही1 ते व्ही6) अशा बारा लीड मिळतात. हातापायांच्या सहा लीडपैकी दोन मोजल्या की पुरतं. इसीजीचे जनक आइंथोवेन यांच्या नियमाप्रमाणे पहिली अधिक तिसरी म्हणजे दुसरी. एखाद्या क्षणी पहिलीत 6 मिमी आणि दुसरीत 10 मिमी उंची असेल, तर तिसरीत 4 आणि एव्हीएफ या लीडमध्ये (दुसरी-तिसरीची सरासरी) 7 येणारच, मग रुग्ण कोणीही असो. म्हणजे बारापैकी स्वतंत्र लीड आठच. इथे टाकून दिलेलं काहीच नसतं. (चिमटे अदलाबदल झाले तर मात्र हिशेब बरोबर राहूनही चित्र चुकतं.)

दुसरी जात संख्याशास्त्राची. हृदयाची वीज छातीवरून पाहिली तर बरीचशी तीन दिशांत फिरणाऱ्या एका बाणासारखी वागते, त्यामुळे आठ लीडमध्येही पुष्कळ पुनरुक्ती असते. मुख्य घटक विश्लेषण (आकड्यांतली पुनरुक्ती काढून थोडे मूळ घटक शोधणारं गणित) केलं की पहिल्या तीन घटकांतच बहुतेक माहिती मावते. याच आधारावर पुष्कळ रुग्णांच्या पूर्ण इसीजींवरून रिग्रेशनने (आकड्यांमधलं सरासरी नातं शोधण्याच्या रीतीने) गुणक काढतात आणि थोड्या लीडवरून बाकीच्या भरतात. व्ही2 आणि व्ही5 प्रत्यक्ष मोजून छातीच्या उरलेल्या चार लीड अंदाजल्या तर त्या बऱ्याच जुळतात. नुसत्या हातापायांवरून छातीच्या लीड काढणं फार कच्चं.

कारण गुणक असतात सरासरी छातीचे. हे भरतीच्या हिशेबासारखंच: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते, चतुर्थीला साधारण तीन वाजता. वादळात पाणी किती चढेल हे त्या गणितात नसतं. तसंच, हृदयाच्या एखाद्या छोट्या भागाला झालेली इजा नेमकी त्या उरलेल्या, गाळलेल्या माहितीत असू शकते. रुग्णाच्याच जुन्या पूर्ण इसीजीवरून गुणक काढले तर अंदाज सुधारतो, म्हणून जुना कागद जपून ठेवा.

दोन्ही हातांची बोटं आणि डावा पाय लावून चालणारं सहा लीडचं छोटं यंत्र पहिल्या जातीचं. त्याच्या सहाही लीड खऱ्या. पण हृदयाच्या पुढच्या भिंतीचा झटका मुख्यतः व्ही1 ते व्ही4 मध्ये दिसतो आणि तिथे हे यंत्र पाहतच नाही. छातीत दुखत असेल तर ती पट्टी स्वच्छ आली तरी पूर्ण इसीजी काढायलाच हवा. आणि फोटो पाठवताना यंत्र कोणतं, इलेक्ट्रोड कुठे कुठे लावले होते, हे डॉक्टरांना सोबत लिहून कळवा.