स्मृतिलेखन

स्मृतिलेखन : स्वतःच्या आयुष्यातील प्रसंग आणि माणसे आठवून आत्मपरीक्षणाच्या हेतूने ती लिहून ठेवण्याचा प्रघात. रोजनिशीत त्या दिवसाच्या घडामोडी त्याच दिवशी नोंदविल्या जातात आणि आत्मचरित्र वाचकाला समोर ठेवून लिहिले जाते. स्मृतिलेखनाचा विषय मात्र बहुधा जुना असतो आणि त्याचा वाचक लिहिणारा स्वतःच असतो. त्यामुळे त्यात कालक्रमाचे बंधन नसते आणि एकच प्रसंग काही वर्षांनी पुन्हा लिहिला, तरी ती पुनरुक्ती ठरत नाही.

या प्रघाताची मुळे जुनी आहेत. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस याने इ. स. दुसऱ्या शतकात ग्रीक भाषेत स्वतःला उद्देशून जी टिपणे लिहिली, त्यांच्या पहिल्या भागात आजोबा, आई, शिक्षक अशा एकेका व्यक्तीची आठवण काढून तिच्याकडून आपण काय घेतले, हे तो नमूद करतो. संत ऑगस्टीनने इ. स. ४०० च्या सुमारास लिहिलेल्या आत्मकथनात सोळाव्या वर्षी सवंगड्यांबरोबर केलेली नासपतीची चोरी येते. फळे काही विशेष चांगली नव्हती, त्यांतली बहुतेक डुकरांपुढे टाकली गेली. तरीही आपण ती का चोरली, एकटे असतो तर चोरली असती का, या प्रश्नांभोवती तो बराच वेळ घुटमळतो. हे लेखन ईश्वराला उद्देशून आणि वाचकांसाठीही आहे, परंतु क्षुल्लक आठवणीला इतक्या चिकाटीने उलटतपासणारे उदाहरण दुसरे सहज सापडणार नाही.

आधुनिक काळात या विषयाकडे मानसशास्त्राचे लक्ष वळले. अमेरिकेत आयरा प्रोगॉफ यांनी १९६० च्या दशकात अशा लेखनाची एक पद्धतशीर चौकट तयार केली. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, दररोज पंधरा मिनिटे लिहावयास सांगितले होते. ज्यांनी क्लेशदायक अनुभवाचा तपशील आणि त्याविषयीच्या भावना असे दोन्ही लिहिले, त्यांना लिहिल्यानंतर लगेच अधिक उदास वाटले. पुढील महिन्यांत मात्र आरोग्यकेंद्रातील त्यांच्या खेपा तुलनेने कमी भरल्या. जोअन फ्रॅटरोली यांनी २००६ मध्ये १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा सरासरी परिणाम हितकारक पण अल्प आढळला. स्मृतिलेखनाला रामबाण उपाय म्हणून खपविणाऱ्यांनी यातील ‘अल्प’ हा शब्द सहसा गाळलेला असतो.

आठवण ही घटनेची जशीच्या तशी प्रत नसून दर वेळी नव्याने रचली जाते, हे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखविले होते. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर अंतराळयानाचा स्फोट झाला, तेव्हा उलरिक नायसर आणि निकोल हार्श यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून ही बातमी आपल्याला कोठे आणि कशी कळली, हे लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले असता अनेकांनी ठाम विश्वासाने भलतीच उत्तरे दिली आणि स्वतःच्या हस्ताक्षरातील पहिली नोंद दाखविल्यावरही मूळ आठवण परतली नाही. म्हणूनच स्मृतिलेखनात प्रसंगाच्या तारखेपेक्षा लेखनाची तारीख अधिक मोलाची आहे. जुनी नोंद न खोडता तिच्याशेजारी नवी लिहिली, तर दोहोंतील फरकावरून लिहिणारा मधल्या काळात कसा बदलला, ते कळते. प्रसंग प्रत्यक्षात कसा घडला, याचा तो पुरावा नव्हे.

लेखन किती नेमके आहे, यावर त्याचा उपयोग बराच अवलंबून असतो. ‘वडील फार कडक होते’ या वाक्यात निष्कर्ष आधीच काढून झालेला असतो आणि तपासण्यासारखे काही उरत नाही. उलट, प्रगतिपुस्तकावर सही करण्यापूर्वी ते पेनाचे टोपण दोनदा काढून लावत, काही बोलत नसत आणि आपण दाराच्या कडीकडे पाहत उभे राहत असू, असे लिहिले की ती शांतता रागाची होती की संकोचाची, हा प्रश्न उपस्थित होतो. नैराश्यग्रस्त व्यक्तींना एकेक सुटा प्रसंग आठवण्याऐवजी सरसकट स्वरूपाच्या आठवणी अधिक येतात, असे मार्क विल्यम्स आणि इतरांच्या संशोधनातून पुढे आले आहे.

तेच दुःख त्याच शब्दांत उगाळत राहणे हा या लेखनातील मुख्य धोका होय. त्यावर उपाय म्हणून काही जण प्रसंग तृतीय पुरुषी लिहितात किंवा त्यातील दुसऱ्या व्यक्तीच्या बाजूने मांडतात. ताज्या आणि तीव्र आघाताविषयी एकट्याने लिहिण्याऐवजी तज्ज्ञाची मदत घेणे श्रेयस्कर असते. गोपनीयतेचा प्रश्न केवळ लिहिणाऱ्यापुरता नसतो, कारण अशा वह्यांत इतरांच्याही खाजगी गोष्टी त्यांच्या संमतीविना उतरलेल्या असतात. त्यामुळे त्या कोणाच्या हाती द्याव्यात किंवा केव्हा नष्ट कराव्यात, याचा निर्णय अनेक जण हयातीतच करून ठेवतात.