पंचांगांच्या गठ्ठ्यातली भुकटी

जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्याच्या माळ्यावरून गेल्या श्रावणात पंचांगांचा गठ्ठा खाली काढला. वरचं पान धड दिसत होतं. उलटलं तर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं, पानामागून पान आरपार. कण्यातून पिठासारखी भुकटी ओघळली. आई म्हणाली, "कसर लागली गं."

पण हे कसरीचं काम नव्हतं. चंदेरी अंगाची, शेपटीला तीन तंतू असलेली कसर कागद वरवर खरवडते, कडा कुरतडते. तिला ओढ असते ती बांधणीतल्या खळीची. गोल भोकं आणि भुकटी ही भुंगेऱ्याची खूण. त्याची अळी कण्यात, पानांत बोगदे काढत वाढते आणि पुढे २-३ मिलीमीटरचा तपकिरी भुंगेरा भोक पाडून बाहेर पडतो. म्हणजे भोक दिसलं तेव्हा त्या अळीचं खाऊन झालेलं असतं. वाळवीची तऱ्हा वेगळी. ती भिंतीवर मातीच्या नळ्या बांधत येते आणि कपाटाच्या पाठीमागून शिरते.

या सगळ्यांना ओल मानवते. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर गेली की कसर जोमाने वाढते, पन्नाशीच्या आसपास ठेवली तर तिची वाढ खुंटते. म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं हा मला पहिला उपाय वाटतो, औषध नंतर. पावसाळा सरताच दसऱ्याला पोथ्या काढून पुजायची आपली रीतही फार मोलाची आहे. वर्षातून एकदा तरी त्यांना हात लागतो, हवा लागते.

जुन्या लोकांनी बरंच ओळखलं होतं. बासन घट्ट बांधायचे, आत वेखंड ठेवायचे. वेखंडातलं तेल किडींना खरंच बाधतं. बांधणीवाले खळीत मोरचूद घालत. पोथीच्या कागदाला हरताळ लावत, पण हरताळ म्हणजे आर्सेनिकचं विषारी खनिज. पिवळी पोथी हाताळल्यावर हात स्वच्छ धुवा, बोटाला थुंकी लावून पान उलटू नका. डांबराच्या गोळ्यांचा मात्र मोह नको. कण्यातली अळी त्यांनी सहसा मरत नाही, वाफ आपल्याच छातीत जाते.

१८४० सालापासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या या गावात घरोघरी जुनी पुस्तकं निघतात. साध्या कागदी पुस्तकांसाठी सोपा इलाज थंडीचा. पुस्तक कोरडं असताना प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायचं. अंडी, अळ्या, भुंगेरे सगळे गारठून मरतात. ताडपत्र, चामडी बांधणी, फोटो यांच्यावर हा प्रयोग करू नये, ते जाणकाराला दाखवावेत. मोठ्या संग्रहालयांत पुस्तकं बंद तंबूत ठेवून आतला प्राणवायू काढून घेतात आणि तीनेक आठवड्यांत कीड गुदमरते.

बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव धरतं. आम्ही दिवसभर थांबलो, मग पंचांगं मऊ ब्रशने झाडली. आता ती पांढऱ्या कागदावर मांडून ठेवली आहेत. दर रविवारी गठ्ठा उचलून बघते, खाली नवी भुकटी पडली आहे का.