ड्रेकचं समीकरण, फर्मीचा प्रश्न आणि मध्येच आलेलं एआय

'प्रगत संस्कृती स्वतःच घडवलेल्या एआयच्या हातून संपत असणार, म्हणून तर अवकाशातून काही ऐकू येत नाही' हा युक्तिवाद हल्ली वारंवार कानावर येतो. त्यात दोन निराळ्या प्रश्नांची सरमिसळ झालेली असते.

पहिला प्रश्न खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांचा. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या ग्रीन बँक वेधशाळेत झालेल्या एका छोट्या बैठकीसाठी त्यांनी सात घटकांचा गुणाकार मांडला. दरवर्षी जन्मणाऱ्या ताऱ्यांपासून सुरुवात, मग ग्रह, जीवसृष्टी, बुद्धिमत्ता, तंत्रज्ञान, आणि शेवटी अशी संस्कृती किती काळ संदेश पाठवत राहते तो अवधी. उत्तर म्हणून मिळते ती आपल्या आकाशगंगेत या घडीला संपर्क होऊ शकेल अशा संस्कृतींची संख्या. ताऱ्यांभोवती ग्रह असणं सर्रास आहे हे केपलर दुर्बिणीने दाखवून दिलं. जीवसृष्टीपासून पुढचे आकडे मात्र निव्वळ अंदाज आहेत.

सगळा खेळ त्या शेवटच्या घटकावर येऊन थांबतो. समजा, वर्षाला सरासरी एक नवी संस्कृती बोलायला लागते. ती १०,००० वर्षं टिकली तर आज १०,००० संस्कृती असतील. २०० वर्षांतच संपली तर फक्त २००, आणि त्याही सुमारे १ लाख प्रकाशवर्षं रुंदीच्या आकाशगंगेत विखुरलेल्या. एआयचा धोका खरा असेल तर तो हा अवधी कमी करतो. इथवर तो युक्तिवाद बरोबर आहे.

दुसरा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांचा, आणि तो वेगळाच आहे. १९५० मध्ये लॉस अलामॉसला सहकाऱ्यांसोबत जेवताना त्यांनी विचारलं, मग सगळे आहेत कुठे? या प्रश्नाला 'आज'शी देणंघेणं नाही. आजवर कधीच कुणी इथपर्यंत का पोचलं नाही, असा त्याचा रोख आहे. व्हॉयेजर-१ हे अंतराळयान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जातंय. तेवढ्याच वेगाने आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायला साधारण १७५ कोटी वर्षं लागतील. आकाशगंगेचं वय १,००० कोटी वर्षांहून जास्त आहे. म्हणजे वेळ भरपूर होता.

आणि इथे एआयचं स्पष्टीकरण उलटतं. यंत्रांनी आपल्या निर्मात्यांना संपवलं, तरी यंत्रं उरतातच. त्यांना हवा-पाणी लागत नाही, कोट्यवधी वर्षांचा प्रवास त्यांना जड नाही, वाटेत सापडलेल्या खनिजांतून ती स्वतःच्या प्रती बनवू शकतील. त्यामुळे फर्मींचा प्रश्न सुटण्याऐवजी अधिक टोकदार होतो. एआयनेच ही शांतता आणली म्हणायचं, तर प्रत्येक ठिकाणी ते स्वतःही नष्ट झालं किंवा कधीच घराबाहेर पडलं नाही, असं मानावं लागेल. तेही एकाही अपवादाशिवाय, कारण सगळीकडे पसरायला एक अपवाद पुरतो. मला ही अट फार जड वाटते.

शोधाच्या वाटाही यामुळे बदलतात. बोलणाऱ्या संस्कृतींसाठी रेडिओ दुर्बिणी लावून ऐकत राहायचं. मुकाट काम करणाऱ्या यंत्रांची चाहूल घ्यायची, तर त्यांनी बाहेर टाकलेली उष्णता अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांत धुंडाळावी लागेल, कारण खर्च झालेली ऊर्जा उष्णता बनून कुठेतरी बाहेर पडतेच.